इंजिनिअरिंग कॉलेजातले मास्तर का टिकत नाहीत?

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. उपनगरातल्या एका विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात ती तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, "मामू, आमचे सिग्नल्सचे सर पण गेले. या सेमिस्टरमधले हे दुसरे." कुठे गेले म्हणून विचारलं तर तिला नक्की ठाऊक नव्हतं. कुणी म्हणतं पुण्याला कंपनीत लागले, कुणी म्हणतं पगार थकला होता. टाइमटेबलात त्या तासासमोर आता नाव नाही, जागा मोकळी आहे. टेस्ट मात्र ठरल्या तारखेलाच आहे.

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. वीस वर्षांपूर्वी अशाच एका मोकळ्या जागेत माझं नाव लिहिलं गेलं होतं आणि चार वर्षांनी ते पुसलंही गेलं. त्यामुळे या विषयावर मी तटस्थपणे लिहू शकेन असा दावा करत नाही. पण मास्तर का जातात, या प्रश्नाला मुंबईच्या उपनगरांत एक चाळीस वर्षांचा इतिहास आहे. तो आपल्या लोकांनी वाचावा असं वाटतं. आपणही इंजिनिअरिंग कॉलेजं चालवतो, तिथे मुलं पाठवतो आणि त्यातली काही मुलं पुढे तिथेच शिकवायला उभी राहतात.

आधी माझं सांगतो. २००४ साली बीई होऊन मला एक वर्ष झालं होतं. उपनगरातल्या एका कॉलेजात लेक्चरर हवेत म्हणून कळलं. मुलाखत जेमतेम दहा मिनिटांची झाली. हातात जो कागद पडला त्यावर वेतनश्रेणी नव्हती, एक रक्कम होती आणि मुदत ११ महिन्यांची. रुजू होताना ऑफिसात ओरिजिनल मार्कशीट, डिग्री आणि लिव्हिंग सर्टिफिकेट जमा करून घेतलं. व्हेरिफिकेशन झालं की मिळेल, असं सांगितलं.

अब्बा बेस्टमध्ये कंडक्टर होते, मजास डेपोला. रात्री जेवताना मी नोकरीची खुशखबर सांगितली. त्यांनी पगार विचारला नाही. विचारलं, "ओरिजिनल दिलेस? पावती घेतलीस?" पावती कुणी दिलीच नव्हती. "म्हणजे गहाणच टाकलेस की. अरे, सोनार तरी चिठ्ठी देतो."

मला तेव्हा त्यांचा राग आला. कंडक्टरला कॉलेजातलं काय कळणार, असंही मनात येऊन गेलं. अल्लाह माफ करे.

आता थोडं मागे जाऊ. १९८३ पूर्वी मुंबईत इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या संस्था बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. माटुंग्याची व्हीजेटीआय १८८७ची. पवईचं आयआयटी १९५८चं. अंधेरीला भारतीय विद्या भवनच्या आवारातलं सरदार पटेल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग १९६२चं. ते खासगी संस्थेचं, पण अनुदानित. पगाराचा भार सरकारवर. १९७३च्या श्रेणीत लेक्चररला ७००-१६०० मिळत. १९८६मध्ये ते २२००-४००० झाले, १९९६मध्ये ८०००-१३,५००. फार श्रीमंती नव्हती, पण महिन्याच्या महिन्याला पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि म्हातारपणाची सोय होती. अशा नोकरीतला माणूस सहसा निवृत्त होऊनच बाहेर पडे. त्याला टिकवण्यासाठी कुणाला वेगळी योजना आखावी लागली नाही.

१९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर खासगी इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी दिली. आपल्याकडची मुलं देणग्या भरून कर्नाटकात शिकायला जातात, तो पैसा आणि ती मुलं इथेच राहावीत, हे त्यामागचं मोठं कारण होतं. ते खोटं नव्हतं. त्याच वर्षी घाटकोपरला खेटून विद्याविहारला के. जे. सोमय्या आणि वांद्र्याला थडोमल शहानी उभं राहिलं. १९८४ साली वांद्र्याचं फादर कॉन्सेसाओ रॉड्रिग्ज, चेंबूरचं विवेकानंद एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज आणि भायखळ्याला अंजुमन-ए-इस्लामचं साबू सिद्दीक सुरू झालं. १९८५ला चेंबूरचंच शाह अँड अँकर कच्छी आलं. नावं वाचली तरी लक्षात येतं की सिंधी, गुजराती, कच्छी, कॅथलिक, मुस्लिम, सगळ्यांनी आपापल्या समाजाच्या जोरावर ही कॉलेजं उभारली. पुढे अंधेरी-वर्सोव्याचं राजीव गांधी (१९९२), विलेपार्ल्याचं द्वारकादास संघवी (१९९४), वांद्र्याचं रिझवी (१९९८), मालाडचं अथर्व आणि बोरिवलीचं सेंट फ्रान्सिस (दोन्ही १९९९), कांदिवलीचं ठाकूर (२००१). वीस वर्षांत पश्चिम रेल्वेच्या जवळपास प्रत्येक मोठ्या स्टेशनाला एक कॉलेज लागलं.

इमारत समाजाच्या पैशातून झाली. प्रयोगशाळा फीमधून. पगार कुठून द्यायचा? 'विनाअनुदानित' या शब्दाचा अर्थच हा की सरकार पगार देणार नाही. तो मुलांच्या फीमधून निघायचा. आणि फी किती घ्यायची यावर पुढची वीस वर्षं कोर्टात लढाई चालली. १९९३च्या उन्नीकृष्णन निकालाने 'फ्री' आणि 'पेमेंट' अशा दोन प्रकारच्या जागा केल्या. २००२च्या टी. एम. ए. पै निकालाने ती रचना मोडली आणि संस्थांना स्वतःची फी ठरवायला मोकळीक दिली, फक्त नफेखोरी आणि देणगी नको. २००३च्या इस्लामिक अकॅडमी निकालातून निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली फी समित्या आल्या. १२ ऑगस्ट २००५ला सात न्यायाधीशांच्या पीठाने दिलेल्या निकालाला आपण सगळे 'इनामदार केस' म्हणून ओळखतो. पुण्याच्या आझम कॅम्पसचे पी. ए. इनामदार त्यात अर्जदार होते. विनाअनुदानित संस्थांवर सरकारला आपला कोटा लादता येणार नाही, असं त्यात ठरलं.

या निकालांचा आपल्या समाजात अभिमान आहे आणि तो असायलाही हवा. पण मला एक गोष्ट खटकते. प्रवेश कुणाच्या हातात आणि फी किती, यासाठी संस्थाचालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या फीमधून शिकवणाऱ्याला काय मिळावं, यासाठी त्यांच्यापैकी कुणी गेल्याचं माझ्या वाचनात नाही. उलट दिल्लीची एक जुनी केस आहे, फ्रँक अँथनी पब्लिक स्कूलची, १९८६ सालची. तिथल्या कायद्यात विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना शिक्षकांच्या सेवाशर्तींतून सूट होती. कर्मचारी कोर्टात गेले. कोर्टाने सांगितलं, अल्पसंख्याकांना संस्था चालवण्याचा हक्क आहे, पण त्यात शिक्षकांना कमी पगार देण्याचा हक्क येत नाही. कलम ३० वर भाषणं देणाऱ्या आपल्या मंडळींपैकी किती जणांना हा निकाल माहीत आहे, मला शंका आहे.

आता माझ्या कॉलेजात परत येतो, कारण खरा धडा मला तिथे मिळाला, आणि तो बराच उशिरा कळला.

आमच्या विभागात तेव्हा मास्तर तीन प्रकारचे होते. विभागप्रमुख सरकारी पॉलिटेक्निकमधून निवृत्त होऊन आलेले. त्यांचं पेन्शन चालू होतं, दादरला स्वतःचं घर होतं. दुसऱ्या प्रकारात चार-पाच मॅडम होत्या, वर्षानुवर्षं तिथेच असलेल्या. कुणाचे यजमान बँकेत, कुणाचे भाभामध्ये. कॉलेज घराजवळ, मुलाच्या शाळेच्या वेळेत येणं-जाणं जमतं, म्हणून त्या होत्या. शिकवायच्याही उत्तम. तिसरा प्रकार आमचा. नुकतेच पास झालेले, भाड्याच्या घरात राहणारे किंवा माझ्यासारखे चाळीत भावंडांसोबत दाटीने राहणारे. आमच्यातला प्रत्येक जण दोन-तीन वर्षांत गेला.

त्या वेळी वाटायचं, पहिल्या दोन प्रकारची माणसं निष्ठावान आणि आम्ही पैशाच्या मागे लागलेले. प्राचार्यही दर वर्षीच्या मीटिंगमध्ये हेच सुचवायचे. आता हिशेब वेगळा दिसतो. जे टिकले त्यांचं घर दुसऱ्या कुणाच्या पैशावर चाललं होतं. सरकारी पेन्शनवर, नवऱ्याच्या पगारावर, वडिलांनी घेतलेल्या फ्लॅटवर. कॉलेज स्वतःला विनाअनुदानित म्हणवत होतं, पण त्याला अनुदान होतं. ते मास्तरांच्या घरून येत होतं.

ज्याच्या घरून असं अनुदान येऊ शकत नव्हतं, तो निघून गेला. आणि आपल्या समाजाच्या दृष्टीने बोचणारी गोष्ट ही आहे. जोगेश्वरी, कुर्ला, गोवंडी, मालवणीत इंजिनिअर झालेल्या पहिल्या पिढीतल्या पोराला शिकवायची कितीही हौस असली, तरी त्या पगारात चार वर्षं काढणं म्हणजे बहिणीचं लग्न चार वर्षं पुढे ढकलणं. आपल्या मुलांसमोर फळ्याजवळ आपला माणूस का दिसत नाही, याची कारणं शोधताना आपण भेदभावापासून सुरुवात करतो. तोही असेल. मी मात्र आधी पगाराची स्लिप बघेन.

बरं, जायला जागाही जवळच होती. अंधेरी पूर्वेला सीप्झ १९७३पासून आहे. आधी तिथे इलेक्ट्रॉनिक्स होतं, मग सॉफ्टवेअर आलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सगळ्या जगाला कॉम्प्युटरची तारीख १९९९वरून २०००वर कशी न्यायची याची धास्ती लागली, तेव्हा कोडिंग येणारा माणूस कॉलेजात राहणं अवघड झालं. नंतर मालाडचं माइंडस्पेस उभं राहिलं. ३४० नंबरची बस घाटकोपरहून अंधेरीला जायची, तिच्यात मला माझेच माजी सहकारी भेटत. गळ्यात कंपनीचा पट्टा. "अजून तिथेच?" हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा.

मग कॉलेजांनी माणसं धरून ठेवायला काय केलं? व्यवस्थापनाच्या पुस्तकांत याला मनुष्यबळ धोरण म्हणतात. त्यात पगारवाढ, बढतीचा रस्ता, संशोधनाला वेळ असं बरंच काही असतं. आमच्याकडे एवढ्या पुस्तकी गोष्टी नव्हत्या. आमच्याकडे कपाट होतं. त्यात आमची ओरिजिनल होती. शिवाय ऑर्डरमध्ये एक ओळ होती की सेमिस्टरच्या मध्ये सोडल्यास तीन महिन्यांचा पगार भरावा लागेल. ११ महिन्यांनी एक दिवसाचा खंड, मग नवी ऑर्डर. माणूस टिकवणं आणि माणूस अडकवून ठेवणं यातला फरक न कळण्याइतके चालक भोळे नव्हते. दुसरी गोष्ट स्वस्तात होत होती, एवढंच.

या ११ महिन्यांचं महत्त्व सांगायला हवं, कारण तरुण वाचकांना ते माहीत नसतं. नियमानुसार विद्यापीठाच्या निवड समितीकडून नेमलेला, मान्यता मिळालेला शिक्षक असेल तर त्याला काढताना कारण द्यावं लागतं, आणि तो विद्यापीठ कायद्याखालच्या न्यायाधिकरणात दाद मागू शकतो. ११ महिन्यांच्या माणसाला कुणी काढतच नाही. त्याची मुदत संपते. ग्रॅच्युइटीचंही तसंच. ती तेव्हा सलग पाच वर्षांच्या सेवेवर मिळत असे. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक त्या कायद्यात बसत नाहीत असं म्हटलं होतं. २००९ साली संसदेने कायदा दुरुस्त केला, तोही ३ एप्रिल १९९७पासून लागू करून. पण दर वर्षी खंड पडलेल्या माणसाने सलगपणा सिद्ध करायचा कसा? कोर्टात गेलं तर जमतं. कोर्टात गेलेल्या मास्तराला दुसरं कॉलेज घेत नाही, हीही समजूत होती, आणि समजुतीवरच बरंच काम भागत होतं.

लेबर कोर्टाचा रस्ता तर आधीच बंद झाला होता. तोही आपल्या शेजारच्या गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या केसमध्ये. ए. सुंदरंबल यांना शाळेने काढलं, त्या औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागायला गेल्या. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिक्षक 'कामगार' नाही. त्याचं काम शारीरिक, कारकुनी किंवा तांत्रिक या व्याख्येत बसत नाही, ते उदात्त स्वरूपाचं आहे. म्हणजे कॉलेजच्या शिपायाला लेबर कोर्ट होतं, लॅब असिस्टंटला होतं, मला नव्हतं. अब्बांना काढायचं तर डेपोला आधी चार्जशीट द्यावी लागली असती. कंडक्टरला कॉलेजातलं काय कळणार, असं मला वाटलं होतं ना? त्यांना नोकरी म्हणजे काय हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

याचा पुढचा भाग आणखी गमतीचा आहे. सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी राज्य सरकारने शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना नवी श्रेणी दिली, पण विनाअनुदानित संस्थांमधल्यांना वगळून. महात्मा गांधी मिशनच्या संस्थेतल्या कर्मचाऱ्यांसाठी भारतीय कामगार सेना कोर्टात गेली, आणि जानेवारी २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भेद चुकीचा ठरवला. म्हणजे शिपाई आणि क्लार्क युनियनच्या बळावर दिल्लीपर्यंत जाऊन जिंकले. त्यांना 'सर' म्हणणारं कुणी नव्हतं, त्यामुळे युनियनमध्ये जायला त्यांना संकोचही नव्हता. आम्ही मास्तर मात्र कँटीनमध्ये आवाज खाली करून बोलत बसलो.

फीचं गणितही समजून घ्या, नाहीतर चालकांवर निव्वळ राग काढून आपण मोकळे होऊ. २००३नंतर समिती आणि २०१५च्या कायद्यानंतर शुल्क नियामक प्राधिकरण कॉलेजची फी ठरवतं. आधार असतो ऑडिट झालेल्या खर्चाचा. त्यात सगळ्यात मोठा आकडा पगाराचा. म्हणजे प्रामाणिक संस्थेने जास्त पगार दिला तर तिला फी वाढवून मिळते, पण नंतर, आणि तोवर तो पैसा तिने स्वतः उभा करायचा. अप्रामाणिक संस्थेला दुसरा रस्ता दिसतो. बँकेत पूर्ण पगार जमा करायचा, त्याची नोंद हिशेबात दाखवायची आणि ठराविक रक्कम मास्तराकडून रोखीने परत घ्यायची. माझ्या दोन मित्रांनी वेगवेगळ्या कॉलेजांत हे केलंय. एटीएममधून काढून पाकीट ऑफिसात द्यायचे. इन्कम टॅक्स मात्र पूर्ण पगारावर भरायचे.

दुसरी अडचण खरी आहे. मागास आणि गरीब मुलांच्या फीची प्रतिपूर्ती सरकार करतं. २०२४पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठराविक प्रवर्गांच्या मुलींची पूर्ण फी माफ झाली, हे फार चांगलं झालं. पण हे पैसे कॉलेजला उशिरा मिळतात. तोवर पगार थांबतो. मोठ्या संस्थेकडे राखीव निधी असतो, ती निभावून नेते. छोट्या संस्थेचा मास्तर दुकानदाराकडे उधारी वाढवतो.

२०११-१२नंतर जागा रिकाम्या राहू लागल्या आणि चित्र उलटं झालं. आता मास्तर जाऊ नयेत याची काळजी कुणाला राहिली नाही, उलट कोण आधी जाईल याची वाट बघितली जाऊ लागली. एप्रिल-मे महिन्यांत मास्तरांना बारावीच्या मुलांचे फोन नंबर देऊन बसवलं जाई. प्रवेश आणा. २०१८ साली एआयसीटीईने शिक्षक-विद्यार्थी प्रमाण १:१५वरून १:२० केलं. कागदावर हा एका आकड्याचा बदल. ३०० मुलांच्या विभागात त्याचा अर्थ २० ऐवजी १५ मास्तर. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांना तो अर्थ लगेच कळला. २०२४पासून कमाल प्रवेशसंख्येची मर्यादाही चांगल्या कामगिरीच्या संस्थांसाठी उठली, तेव्हापासून कॉम्प्युटर आणि त्याच्या नव्या नावांच्या शाखांत जागा वाढताहेत. कॉम्प्युटरचा मास्तर मिळत नाही, मेकॅनिकलचा मास्तर पायथॉन शिकून वर्गात उभा आहे. सातव्या आयोगाची सुरुवातीची श्रेणी असिस्टंट प्रोफेसरला ५७,७०० मूळ वेतन देते. हा आकडा मी काही तरुण सहकाऱ्यांना सांगितला तेव्हा ते हसले.

सगळीकडे अंधार आहे असं मात्र नाही. उपनगरांत अशी कॉलेजं आहेत जिथे पंचवीस वर्षं शिकवणारी माणसं मला भेटली. त्यांना मी मुद्दाम विचारलं, का राहिलात? उत्तरं फार साधी होती. पगार एक तारखेला व्हायचा. नेमणूक विद्यापीठाच्या मान्यतेची होती. एकाला पीएचडीसाठी पवईला जायला कॉलेजने आठवड्यातले दोन दिवस मोकळे दिले होते. केंद्र सरकारची क्यूआयपी योजना १९७०पासून याचसाठी आहे, शिक्षकाने पगार चालू ठेवून आयआयटीत पुढचं शिक्षण घ्यावं. पण त्याला कॉलेजने सोडायला तर हवं! एका मॅडमनी सांगितलं, बाळंतपणानंतर त्यांची जागा त्यांची वाट बघत होती. कायद्याने २०१७पासून २६ आठवड्यांची रजा आहे. आमच्याकडे एका मॅडमची ११ महिन्यांची मुदत नेमकी सातव्या महिन्यात संपली आणि नवी ऑर्डर निघाली नाही. विभागात त्या सगळ्यात चांगलं शिकवायच्या. त्यांच्या जागी माझ्याकडे दोन विषय जास्तीचे आले.

घराचा प्रश्नही आहेच. या शहरात घर हीच सगळ्यात मोठी पगारवाढ. वांद्रे पूर्वेला हायवेवर 'टीचर्स कॉलनी' नावाचा बसस्टॉप आहे. त्यावरून जाताना मला नेहमी वाटतं, मास्तर वांद्र्यात राहावा असं कधीकाळी कुणाला तरी वाटलं होतं. आज तो विरारहून किंवा कल्याणहून येतो, दोन गाड्या सोडून तिसरीत चढतो आणि आठच्या लेक्चरला घामाघूम उभा राहतो.

हे आपल्या परंपरेला अनोळखी नाही. मराठी मुलखाच्या सीमेवर बिदरला बहमनी वजीर महमूद गावानचा मदरसा आजही उभा आहे, अर्धा पडलेला. तो १४७२चा. तीन मजले, वर्ग, मशीद, तीन हजार ग्रंथांचा संग्रह. आणि त्यातच उस्तादांना राहायला खोल्या. इमारतीच्या नकाशातच शिक्षकाचं घर होतं. मध्ययुगातल्या मदरशांचे वक्फनामे पाहिले तर मुदर्रिसाला किती, त्याच्या मदतनिसाला किती, विद्यार्थ्याला किती, हे ठरवून दिलेलं असे, आणि त्यासाठी दुकानांचं भाडं किंवा जमिनीचं उत्पन्न बांधून ठेवलेलं असे. वजीर बदलला तरी उस्तादाचा पगार चालू राहावा, ही त्यातली अक्कल. एवढं असूनही माणूस जातोच कधी कधी. इमाम गझाली बगदादच्या निजामिया मदरशात १०९१ला नेमले गेले. त्या काळातलं ते सगळ्यात मानाचं अध्यापनाचं पद. चार वर्षांत सोडून निघाले. पण ते आत्म्याच्या शोधात गेले, पगार थकला म्हणून नाही.

मुंबईतल्या आपल्या दानशूरांनीही मोठी कामं केली. साबू सिद्दीक यांच्या नावाने मुसाफिरखाना आहे, त्यांच्याच नावाने १९३६ साली तंत्रशिक्षणाची संस्था झाली आणि तिच्यातून पुढे कॉलेज आलं. आजही एखाद्या संस्थेत प्रयोगशाळा बांधायची म्हटली की देणारे पुढे येतात, दारावर अब्बांच्या किंवा दादांच्या नावाची पाटी लागते. मी एकदा अशाच एका बैठकीत बसलो होतो. हळूच सुचवलं की एका मास्तराच्या दहा वर्षांच्या पगाराची रक्कम ठेव म्हणून ठेवा, तिच्या उत्पन्नावर एक जागा कायमची चालेल. त्या जागेला हवं तर तुमचं नाव द्या. सगळ्यांनी कौतुकाने ऐकलं. शेवटी एसी सेमिनार हॉल ठरला.

२००८ साली मी नोकरी सोडली. तीन महिन्यांचा पगार भरायला माझ्याकडे नव्हता, म्हणून ओरिजिनल मिळेनात. पाच-सहा चकरा झाल्या. सातव्या वेळी अब्बा बरोबर आले. निवृत्त झाले होते, तरी डेपोत जाताना घालायचे तसा इस्त्रीचा शर्ट घातला. ऑफिसात ते काही भांडले नाहीत. समोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "साहेब, जमा केल्याची पावती दाखवा, म्हणजे दंड भरतो." पावती कुणी फाडलीच नव्हती, तर दाखवणार कुठून? अर्ध्या तासाने पाकीट मिळालं. बारावीच्या मार्कशीटला स्टेपलरची सहा भोकं होती.

परवा भाचीला सांगितलं, तुझ्या कॉलेजच्या वेबसाइटवर 'मँडेटरी डिस्क्लोजर' नावाचा भाग शोध. एआयसीटीईच्या नियमाने तो द्यावाच लागतो. त्यात शिक्षकांची नावं आणि रुजू झाल्याच्या तारखा असतात. तारखा बघ फक्त. प्रवेशाच्या वेळी लोक प्लेसमेंटचे आकडे विचारतात, ही तारीख कुणी विचारत नाही. तिने रात्री मेसेज केला की यादीतली दोन नावं तर केव्हाच सोडून गेलेल्या सरांची आहेत.

आज पुन्हा मेसेज आला. सिग्नल्सला नवीन मॅडम आल्या आहेत, कुर्ल्याच्या, गेल्याच वर्षी एमई झालेल्या. छान शिकवतात म्हणे. खाली लिहिलं होतं, "मामू, त्यांना विचारू का, ओरिजिनल जमा केलीत का म्हणून?"

मी लिहिलं, विचार. आणि पावती घेतली का तेही विचार.